व्हिडिओत तपकिरी रंग येत नाही

पाटण, जि. सातारा
1 मार्च 2022, महाशिवरात्र

प्रिय सुमे,

परवा तू फोनवर विचारलंस, "कॉलेज सुरू झालं, सुरू झालं म्हणतेस, पण म्हणजे नक्की काय सुरू झालं गं?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. फोनवर देण्यासारखं ते उत्तर नव्हतंच. आज सुट्टी आहे, उपास आहे, कवठाची चटणी करून झाली, घरातले सगळे दर्शनाला गेलेत. म्हणून बसले लिहायला. आपण कोल्हापूरला विद्यापीठाच्या हॉस्टेलवर असताना सुट्टीत एकमेकींना पानंच्या पानं लिहायचो, तसं लिहिणार आहे. सावकाश वाच.

तारखेपासून सुरू करते. तुमच्या मेलबर्नचा सहावा लॉकडाऊन 21 ऑक्टोबरच्या मध्यरात्री उठला. सगळे मिळून 262 दिवस तुम्ही घरात होतात. तू त्या क्षणाला फोन केलास तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी नुकतीच लॅबमधून आले होते. आमची कॉलेजं आदल्याच दिवशी, 20 ऑक्टोबरला उघडली होती. तू "बाहेर पडले गं" म्हणून रडलीस आणि मी "आत गेले गं" म्हणून रडले, आठवतंय?

मार्च 2020 च्या मध्यात कॉलेज बंद झालं ते "31 तारखेपर्यंत" म्हणून. 15 फेब्रुवारी 2021 ला निम्म्या उपस्थितीनं पुन्हा उघडलं, पण आमच्याकडे शेवटच्या वर्षाची तेवढी मुलं चार दिवस आली असतील-नसतील, तोवर दुसरी लाट आली. ती लाट कशी होती ते तुला वेगळं सांगायला नको, तुझे काका त्यातच गेले. तेव्हा खऱ्या अर्थानं दार उघडलं ते दीड वर्ष उलटून गेल्यावर.

त्याआधीच्या रविवारी मी आणि लॅबमधले मामा लॅब उघडायला गेलो. तुला हे सगळं सांगायलाच हवं, कारण तुझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही. कॉस्टिकच्या बाटल्यांची काचेची बुचं अशी घट्ट बसली होती की जणू बाटली आणि बूच एकत्रच ओतलेलं असावं. आपल्याला सर ओरडायचे ना, कॉस्टिकला काचेचं बूच लावू नका, रबरी लावा, अल्कली काच खाते म्हणून? मार्चमध्ये घाईघाईत कुणीतरी लावलं होतं. मामांनी कोमट पाण्यात मान बुडवून, लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू टिचक्या मारून दोन बाटल्या सोडवल्या. तिसरी मानेतच फुटली. ब्युरेटचे कॉक व्हॅसलीन वाळून जॅम झालेले. 40 पैकी 14 ब्युरेट कामातून गेल्या. लेबलं कसरीनं खाल्लेली, त्यामुळे कुठल्या बाटलीत काय आहे ते कळेना. ती सगळी द्रावणं बाजूला काढावी लागली. पिपेटच्या स्टँडमागे पालीची अंडी. संध्याकाळी परतताना मामा म्हणाले, "मॅडम, घर बंद ठेवलं की घराला सुद्धा आजार होतो." ते शब्द त्या आठवड्यात मी कितीदा आठवले असतील!

मग आली 20 तारीख, बुधवार. आदल्या रात्री कोजागरी झाली होती. गेटवर थर्मल गन, सॅनिटायझर आणि एक टेबल. त्या टेबलावर लशीचं प्रमाणपत्र दाखवायचं, दोन्ही डोस झालेले असतील तरच आत. माझ्या एसवायच्या वर्गात मुलं 42. त्या दिवशी आत आली 11.

बाकीची कुठे होती? इथे थोडं गणित मांडते, कारण या गणितानंच कोण वर्गात बसणार ते ठरवलं. 18 वर्षांवरच्यांना लस कागदावर 1 मे 2021 पासून खुली झाली. पण साठाच नव्हता, म्हणून राज्यानं मेच्या मध्यातच ती थांबवली आणि 21 जूननंतर पुन्हा गाडी रुळावर आली. कोविशील्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचं अंतर. कराडला, साताऱ्याला ज्यांचे नातेवाईक होते त्यांनी जुलैच्या सुरुवातीला पहिला डोस गाठला, त्यांचे 84 दिवस सप्टेंबरअखेर भरले. आमच्या डोंगरातल्या पोरांना पहिला डोस मिळाला ऑगस्टमध्ये, तोही उपकेंद्रावर पहाटेपासून रांग लावून. त्यांचे 84 दिवस भरायचे ते थेट दिवाळीत किंवा त्यानंतर. ती मुलं काही लस टाळत नव्हती गं. दिवस भरत नव्हते. एक मुलगा तर गेटवरच्या टेबलाशी बोटं मोजत उभा होता, "मॅडम, फक्त नऊ दिवस राहिलेत."

आणि एफवायची 17 वर्षांची मुलं? त्यांच्यासाठी लसच नव्हती. 15 ते 18 वयाचं लसीकरण सुरू झालं ते यंदा 3 जानेवारीला. या मुलांनी बारावीची परीक्षा दिलेली नाही. दहावीचे 30 टक्के, अकरावीचे 30, बारावीचे अंतर्गत 40 असं धरून निकाल लागला, 99.63 टक्के. बारावीचं अख्खं वर्ष मोबाईलवर. म्हणजे परीक्षेशिवाय उत्तीर्ण झालेली, कॉलेजात प्रवेश मिळालेली आणि तरी कॉलेजच्या गेटबाहेर उभी असलेली मुलं. ऑक्टोबरअखेर सरकारनं कॉलेजांमध्ये लशीची मोहीम घेतली, आमच्याही सभागृहात दोन दिवस शिबिर झालं, त्याचा फायदा निश्चित झाला. पण मला वाटतं हे शिबिर ऑगस्टमध्ये व्हायला हवं होतं. आधी लस, मग आदेश.

आता त्या अकरा जणांकडे येते.

एसवायची ही मुलं बारावीची परीक्षा देऊन मार्च 2020 मध्ये घरी गेली आणि नंतर एफवायचं पूर्ण वर्ष त्यांनी घरून केलं. दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांना विचारावं लागत होतं, "मॅडम, लॅब कुठल्या मजल्यावर आहे?" मी त्यांना वर्षभर शिकवलं होतं आणि एकालाही ओळखत नव्हते. काळे चौकोन आणि त्यावर नावं. नावंही त्यांची नव्हेत, फोन ज्याचा त्याचं नाव. भावाचं, चुलत्याचं, नाहीतर मोबाईलच्या कंपनीचं. एका मुलाला मी वर्षभर एका नावानं हाक मारत आले, हजेरीतही तो त्याच नावाला "येस मॅडम" म्हणायचा. त्या दिवशी रजिस्टर घेऊन नावं वाचली तेव्हा कळलं की ते त्याच्या वडिलांचं नाव. फोन त्यांचा होता. मी म्हटलं, "अरे, मग तू सांगितलं का नाहीस? बदलून घेतलं असतं." तो खाली बघत म्हणाला, "वडील मे महिन्यात गेले, मॅडम. मग बदलावंसं वाटलं नाही." सुमे, वर्षभर माझ्या तासाला एक मुलगा वडिलांच्या नावानं हजर राहत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी स्वतःला संवेदनशील शिक्षिका समजत होते. पडद्यावर संवेदना पोचायला वाटच नसते, हे मी त्या दिवशी शिकले.

दुसरी एक मुलगी मी आवाजावरून ओळखली. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, नुसते डोळे दिसतात. ती मागून म्हणाली, "मॅडम, रोल नंबर सतरा." आणि मला एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्या आवाजामागे कशाची तरी उणीव होती. मग लक्षात आलं, गिरणी! तिच्या घरात पिठाची गिरणी आहे. वर्षभर तिनं माईक सुरू केला की मागे धडधड धडधड चालू असायची, पट्ट्याचा आवाज, मध्येच कुणीतरी "जाडसर दळ गं" म्हणायचं. त्या गोंगाटातून ती उत्तर द्यायची आणि तिचं उत्तर बहुतेक बरोबर असायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिचा आवाज नुसता ऐकला. किती मऊ आवाज आहे तिचा!

लॅबमध्ये पहिल्या दिवशी मी नेहमीची सूचना बदलली. बाहेर सगळीकडे सॅनिटायझर, आत मात्र सॅनिटायझर चालणार नाही. हाताला स्पिरिट चोळून बर्नरजवळ जायचं म्हणजे काय होईल ते तुला कळतंय. म्हणून दाराशी साबण आणि बादली. दुसरी गोष्ट पिपेट. आपण दोघींनी तोंडानं ओढून ओढून ॲसिडं भरली, तुझ्या तोंडात एकदा ऑक्झॅलिक गेलं होतं आणि तू दिवसभर दात आंबले म्हणून बसली होतीस. तेव्हाही ते चूकच होतं, पण सवय म्हणून कुणी बदलत नव्हतं. आता मास्क काढायचा नाही म्हटल्यावर तोंडानं ओढायचा प्रश्नच मिटला. मी साताऱ्याहून रबरी फुगे मागवले. एका महामारीनं आमच्या लॅबमधली एक वाईट सवय कायमची घालवली, हे मी आनंदानं नोंदवते.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

एफवायचे प्रयोग मुलांनी व्हिडिओवर "केले" होते. जर्नलं पूर्ण होती, सह्या माझ्याच होत्या. मी ठरवलं, एसवायच्या अभ्यासक्रमाआधी चार प्रयोग हातानं करून घ्यायचे. पहिला घेतला ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचा. विहिरीत टाकायची ती जांभळी पूड यांच्या घराघरात माहीत असते, म्हणून मला हा प्रयोग आवडतो. वेगळा इंडिकेटर नको, रंगच सगळं बोलतो.

एका टेबलावर एकच जण, मध्ये अंतर. फ्लास्कमध्ये दहा मिली ऑक्झॅलिक, त्यात पातळ सल्फ्युरिक, हाताला चटका बसेल इतपत गरम करायचं आणि ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं. पहिला थेंब पडला की जांभळा रंग तसाच रेंगाळतो. जाता जात नाही. मुलं घाबरतात, "मॅडम, झालाच की एंड पॉइंट!" मी म्हणते, थांब, हलव. हलवत राहिलं की तो थेंब विरतो. दुसरा जरा लवकर विरतो. मग पडेल तो थेंब क्षणात नाहीसा होत जातो, कारण पहिल्या थेंबांतून जे मँगनीज तयार झालेलं असतं तेच पुढच्या क्रियेला वेग देतं. हे मी व्हिडिओत बोललेही होते. "ऑटोकॅटॅलिसिस" म्हणून त्यांच्या जर्नलात व्याख्या लिहिलेली आहे. पण त्या दुपारी अकरा जण अकरा टेबलांवर श्वास रोखून तो पहिला थेंब विरण्याची वाट बघत होते, तेव्हा ती व्याख्या त्यांच्या हातात आली.

आणि मग वडिलांच्या नावाच्या त्या मुलाचा फ्लास्क तपकिरी झाला. गढूळ, मातकट तपकिरी. तो सल्फ्युरिक घालायलाच विसरला होता. ॲसिड कमी पडलं की मँगनीज डायऑक्साइड खाली बसतं, आपल्या दोघींच्या हातून कितीदा झालंय! तो मुलगा फ्लास्ककडे बघतच राहिला. मला म्हणाला, "मॅडम, व्हिडिओत असं नव्हतं."

नव्हतंच ना गं. व्हिडिओत कधी तपकिरी रंग येत नाही. मी स्वतः तो व्हिडिओ तीनदा काढला होता, एकदा हात हलला म्हणून, एकदा रीडिंग नीट दिसेना म्हणून. चुकलेले दोन मी पुसून टाकले आणि बरोबर आलेला तेवढा मुलांना पाठवला. सव्वा वर्ष आम्ही मुलांना फक्त बरोबर आलेले प्रयोग दाखवत होतो. चुकायला जागाच नव्हती. एमसीक्यूच्या परीक्षेत चुकलं तर नुसतं चूक म्हणून कळतं, कुठल्या पायरीला पाय घसरला ते कळत नाही. वर्ग कशासाठी लागतो म्हणशील, तर कुणीतरी शेजारी उभं असताना चुकता यावं यासाठी. मी त्याला म्हटलं, "फेकू नकोस." तो तपकिरी फ्लास्क मी मधल्या टेबलावर ठेवला, सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, हे कशानं झालं असेल? पंधरा मिनिटं त्यावरच गेली. गिरणीवालीनं हळूच सांगितलं, "ॲसिड राहिलं असेल." त्यानं दुसरा फ्लास्क लावला. शेवटच्या थेंबाला फिक्की गुलाबी छटा आली आणि टिकली. मास्क होता, तरी तो हसला हे मला कळलं.

तुला वाटेल, एवढं छान चाललं होतं तर आता पुढचं सगळं सोपं. तसं झालं नाही. ऑक्टोबर संपता संपता एसटीचा संप सुरू झाला. दिवाळीनंतर तो इतका वाढला की राज्यातले अडीचशेच्या अडीचशे आगार बंद पडले. तुला पाटण खोरं माहीत आहे. कोयना, मोरणा, ढेबेवाडीचं खोरं, तारळ्याकडचा डोंगर, सगळीकडची पोरं एसटीवर. रात्रीची मुक्कामाची गाडी गावात यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे आणि सकाळी सहाला तीच गाडी पोरांना घेऊन खाली यायची. सवलतीच्या पासात महिना निघायचा. ती गाडी गेली म्हणजे त्या गावातून कॉलेजच गेलं. उरलं वडाप. वडापवाला एका बाजूचे 30 रुपये मागतो, भरल्याशिवाय हलत नाही आणि बारा जणांच्या जिपेत वीस जण कोंबतो. वर्गात आम्ही एका बाकावर एकच मूल बसवतोय आणि जिपेत ती एकमेकांच्या मांडीवर बसून येताहेत! दिवाळीनंतर 84 दिवस भरलेली मुलं आली, म्हणजे गेटवरचं टेबल आता सगळ्यांना आत सोडत होतं, पण गेटपर्यंत पोचायचं कसं? माझा हजेरीचा आकडा 26 वर गेला आणि तिथून परत 15 वर आला.

संपकऱ्यांवर मी रागावू शकत नाही. माझ्याच वर्गात एका ड्रायव्हरची मुलगी आहे. तिचे वडील तेव्हापासून डेपोबाहेर मंडपात बसलेले. विलीनीकरणाची मागणी मान्य होईल की नाही मला सांगता येत नाही, पण त्यांच्या हातात येणारा पगार तुटपुंजा आणि तोही महिनोन्महिने रखडलेला, हे मी त्या मुलीकडून ऐकलंय. तिनं डिसेंबरात फीचा हप्ता भरला नाही. आणि तिला वर्गात अपराधी वाटत होतं. एकदा मधल्या सुट्टीत कुणीतरी म्हणालं, "एसटी नाही म्हणून अमकीचं प्रॅक्टिकल बुडलं," तर ही डबा न खाता उठून गेली. मी तिला जवळ बसवून सांगितलं की तुझ्या बाबांचा तुला अभिमानच वाटला पाहिजे, इतकी वर्षं त्या घाटातून त्यांनी पोरांना सुखरूप आणलं. मग तिला गिरणीवालीच्या शेजारच्या टेबलावर काम दिलं. आता दोघी मैत्रिणी आहेत.

गिरणीवाली 18 किलोमीटरवरून येते. वडाप तिला परवडत नाही. तिनं एक वाट शोधली, दुधाची गाडी. पहाटे संघाची गाडी कॅन गोळा करत खाली येते, ड्रायव्हर गावचाच, तो तिला केबिनमध्ये बसवून आणतो. सहा पन्नासला ती चौकात उतरते. कॉलेज उघडतं साडेनऊला. नोव्हेंबरात दोन-तीनदा मी लवकर गेले तेव्हा ती पायरीवर शाल गुंडाळून वाचत बसलेली दिसली. तेव्हापासून मी सातला लॅब उघडते. मामा स्वतःहून यायला लागले, मी सांगितलं नव्हतं. ती येते, टेबलं पुसते, ब्युरेट धुऊन ठेवते आणि दहापर्यंत तिचा एक प्रयोग होऊन जातो. पहिल्या दिवशी दीड पान जर्नल लिहून तिची बोटं दुखली होती, लिहायची सवयच गेलेली. आता पाच पानं एका बैठकीत लिहिते.

जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद. 15 फेब्रुवारीपर्यंत म्हणाले, मग 1 फेब्रुवारीपासून सुरू केलं. त्या महिन्याबद्दल फार लिहीत नाही. एवढंच की या खेपेला मुलांनी स्वतःहून सांगितलं, "मॅडम, प्रयोग राहिलेत, ते व्हिडिओवर नका घेऊ, सुरू झाल्यावर घ्या." मी थांबले.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवत नाही. पडद्याच्या काळात माझ्या वर्गात एक मुलगी होती, एफवायला असतानाच तिचं लग्न झालं. लॉकडाऊनमध्ये पन्नास माणसांत उरकली गेलेली अनेक लग्नं आमच्याकडे झाली, त्यातलंच हे. सासर चिपळूणकडे. ती सासरी भाकऱ्या थापत थापत कानात वायर घालून माझा तास ऐकायची. एकही तास तिनं चुकवला नाही, रेकॉर्डिंग रात्री पुन्हा ऐकायची. कॉलेज उघडलं आणि ती गेली. पाटणला रोज येणं तिला शक्य नाही, सासरचे पाठवणार नाहीत. मी दोनदा फोन केला, तिच्या नवऱ्याशी बोलले. परीक्षेला तरी पाठवू म्हणालेत. तेव्हा ऑनलाइनला मी सरसकट वाईट म्हणत नाही. तिच्यासाठी ते दार होतं आणि आम्ही आमचं मोठं दार उघडताना ते छोटं दार बंद करून टाकलं. दोन्ही उघडी ठेवता आली असती. या आठवड्यापासून मी थिअरीचे तास रेकॉर्ड करून तिला पाठवायला सुरुवात केलीय.

आणि रेंज म्हणशील तर, वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांखाली छत्री घेऊन तास ऐकणारी मुलं माझ्या वर्गात होती. गेल्या जुलैत दरडी कोसळल्या, आंबेघर-मिरगावचं तू टीव्हीवर पाहिलंस, तेव्हा त्या बाजूची मुलं शाळांच्या खोल्यांमध्ये राहत होती आणि तरी त्यातल्या एकानं मला असाइनमेंट पाठवली होती, कागदाचा फोटो, कडेला चिखल लागलेला. या मुलांना कुणी "ऑनलाइनमुळे आळशी झाली" म्हटलं की माझं डोकं फिरतं. आता सगळी विचारतात, परीक्षा ऑनलाइन की ऑफलाइन? त्या प्रश्नामागे आळस नाही, भीती आहे. तीन तास बसून लिहिणं त्यांनी दोन वर्षांत केलेलं नाही. ती भीती घालवायला आधी सराव द्यायला हवा, एवढं मी मीटिंगमध्ये सांगितलं आणि दर शनिवारी तासाभराचा लेखी सराव सुरू केला.

काल विज्ञान दिन झाला. 28 फेब्रुवारी 1928, रामन इफेक्ट, ते सगळं भाषण मी यंदा केलं नाही. मुलांनीच केलं. गावातल्या हायस्कूलची पोरं पाहायला आली होती. गिरणीवालीनं परमँगनेटचा प्रयोग दाखवला. शेजारी तिनं मुद्दाम ॲसिड न घातलेला दुसरा फ्लास्क ठेवला होता. शाळेतल्या एका मुलानं विचारलं, "ताई, हा खराब झाला का?" ती म्हणाली, "खराब नाही, यात ॲसिड राहिलंय. आपण आता घालून बघू." आणि तिनं त्या पोराच्याच हातात ड्रॉपर दिला. मी मागे उभी होते.

सध्या 42 पैकी 29 येतात. एखाददुसरी एसटी हायवेला दिसते, पण मुक्कामाच्या गाड्या अजून बंदच आहेत.

तर सुमे, आता तुझ्याकडे एक मागणं. विमानं सुरू झाली की तू येणार म्हणाली आहेस. आलीस की पुण्या-कोल्हापूरच्या भेटीगाठींतून एक दिवस मला दे. तू रोज पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये पिपेट धरतेस, शेकडो नमुने तुझ्या हाताखालून जातात, त्यातले गेल्या दोन वर्षांत किती कोविडचे असतील! माझ्या पोरींनी अजून लॅबमध्ये काम करणारी बाई पाहिलेली नाही, मला सोडलं तर. त्यांच्याशी बोल. हातात पिपेट धरून दाखव. चुकलं तर काय करतेस तेही सांग, ते आधी सांग.

सकाळी लवकर यावं लागेल. लॅब सातला उघडते, दुधाची गाडी सहा पन्नासला येते.

तुझी,
नंदा